हवेचा नळ कुणाच्या हाती?

१९७४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी एक धाडसी हिशोब मांडला. मोकळ्या अवकाशात स्वतःभोवती फिरणारी अवाढव्य नळकांडी बांधायची, त्यांच्या आतल्या भिंतीवर घरं आणि शेतं वसवायची आणि अखंड मिळणाऱ्या सूर्यप्रकाशावर सगळा कारभार चालवायचा. बांधकामाचा माल चंद्रावरून न्यायचा, कारण तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. माणसं जमिनीसाठी आणि इंधनासाठी लढतात. या दोन्ही गोष्टी हव्या तेवढ्या मिळाल्या तर लढायचं कारणच राहणार नाही, हा त्यामागचा विश्वास. पन्नास वर्षं झाली तरी तो विश्वास कायम आहे. नळकांड्यांच्या जागी आता मंगळ आला, एवढाच फरक.

ओ'नील यांचं भौतिकशास्त्र चुकलं नव्हतं. पुढच्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्राने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने उन्हाळाभर बसून अशा वसाहतीचा आराखडा केला. १.८ किलोमीटर व्यासाचं एक कडं, त्यात १०,००० माणसं, आणि मिनिटाला एक फेरी. एवढ्या फिरण्याने कड्याच्या आतल्या बाजूला पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. शाळेतलं केंद्राभिमुख त्वरणाचं सूत्र लावलं की उत्तर ९.८ च्या आसपास येतं. अडचण वस्तुमानाची आहे. विश्वकिरणांपासून बचावासाठी भोवती चंद्रावरच्या मातीचं जाड आवरण लागतं आणि ते धरून एकूण वजन सुमारे १ कोटी टन भरतं. म्हणजे माणशी १,००० टन. आजचं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक ४२० टनांच्या आसपास आहे आणि ते जोडायला १९९८ ते २०११ अशी वर्षं गेली. ओ'नील यांच्या गावातल्या एका माणसामागे अशी दोन स्थानकं बांधूनही वर माल लागेल.

तरी समजा, हे जमलं. त्याने माणसाच्या वाढीची मर्यादा संपते का?

जगाचा ऊर्जावापर सध्या साधारण १९ टेरावॉट आहे (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट). तो वर्षाला २.३ टक्क्यांनी वाढत राहिला, तर तीस वर्षांत दुप्पट होतो आणि शंभर वर्षांत जवळजवळ दहापट. सगळ्या पृथ्वीवर मिळून सूर्याकडून सुमारे १ लाख ७४ हजार टेरावॉट ऊर्जा पडते. या दराने ४०० वर्षांत आपल्याला ती सगळी लागेल, समुद्रावर आणि ध्रुवांवर पडणारीसुद्धा. आता मंगळ घ्या. त्याचा पृष्ठभाग साधारण साडेचौदा कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या कोरड्या जमिनीएवढा. आपली जमीन पुरी भरल्यावर मंगळ आयता राहण्याजोगा होऊन हाती आला, तरी दुपटीच्या एकाच फेरीत, तीस वर्षांत, तोही भरतो. त्यापुढच्या तीस वर्षांत असे आणखी दोन मंगळ लागतात. चक्रवाढीपुढे नवी जागा म्हणजे फक्त मुदतवाढ असते, आणि इथे ती जेमतेम एका गृहकर्जाएवढी.

माणसं हलवून पृथ्वीवरचा भार कमी करायची कल्पना तर पहिल्याच भागाकारात कोसळते. जगाची लोकसंख्या दरवर्षी सुमारे ७ कोटींनी वाढते, म्हणजे दिवसाला १ लाख ९० हजारांच्या वर. एका यानात १०० माणसं बसतात असं मोकळ्या मनाने धरलं, तरी निव्वळ वाढ थोपवायला दर ४५ सेकंदांनी एक उड्डाण हवं. त्यात मंगळाकडे रोज निघता येत नाही. दोन्ही ग्रह सोयीच्या स्थितीत दर २६ महिन्यांनी येतात. तोपर्यंत १५ कोटी माणसं साठलेली असतील आणि त्यांना काही आठवड्यांत १५ लाख यानांतून रवाना करावं लागेल. आजवर कक्षेत जाऊन आलेली सगळी माणसं मोजली तरी हजार भरत नाहीत.

तेव्हा इथली गर्दी कमी करण्याचा मुद्दा बाजूला ठेवू. जी थोडी माणसं जातील, त्यांची तरी मर्यादेतून सुटका होईल का, हा खरा पाहण्यासारखा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हवेपासून शोधावं लागतं.

एका माणसाचा दिवस

माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पृथ्वीवर या व्यवहाराची नोंद कुणी ठेवत नाही. अवकाशात ती ठेवावीच लागते. स्थानकावर पाण्याचं विद्युत अपघटन करून ऑक्सिजन काढतात. एका माणसाच्या दिवसाला त्यासाठी जवळजवळ १ लिटर पाणी आणि निदान ४ युनिट वीज खर्ची पडते. उरलेला हायड्रोजन वाया जाऊ नये म्हणून तो माणसांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी तापलेल्या उत्प्रेरकावर जुळवतात. त्यातून पाणी आणि मिथेन मिळतो. पाणी परत वापरात येतं, मिथेन बाहेर अवकाशात सोडून देतात. मिथेनच्या प्रत्येक रेणूबरोबर हायड्रोजनचे चार अणू कायमचे जातात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडमधला निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन परत मिळतो आणि बाकीची तूट पृथ्वीवरून पाणी नेऊन भरावी लागते.

मंगळावर हवाच मुळी ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची आहे, तेव्हा ऑक्सिजन तिथेच काढावा, हे ओघाने आलं. ते करूनही पाहिलं आहे. नासाच्या पर्सिव्हरन्स बग्गीवरच्या ‘मॉक्सी’ नावाच्या यंत्राने तिथली विरळ हवा दाबून, ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, तिच्यातून ऑक्सिजन वेगळा केला. पहिल्यांदा २० एप्रिल २०२१ ला, सुमारे ५ ग्रॅम. २०२३ पर्यंत १६ वेळा यंत्र चाललं आणि मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. परग्रहावर माणसाने केलेला हा पहिला प्राणवायू, आणि मला तो या शतकातला एक मोठा प्रयोग वाटतो. १२२ ग्रॅमवर एक माणूस साडेतीन तास जगतो. यंत्राचा सर्वात चांगला वेग तासाला १२ ग्रॅम होता. तो अखंड टिकला तरी एका माणसाला अशी तीन यंत्रं लागतात, आणि एखादं बंद पडेल म्हणून चौथं जवळ ठेवावं लागतं.

पाण्याचीही हीच तऱ्हा. स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवतात. जून २०२३ मध्ये नासाने हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेल्याचं जाहीर केलं. तिथवर पोचताना काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. मूत्रापासून पाणी करणारं यंत्र २००८ साली वर गेलं. अवकाशात वाफ आणि द्रव आपोआप वेगळे होत नाहीत, म्हणून त्यात एक फिरतं पिंप असतं. फिरण्याने द्रव कडेला जातो आणि कमी दाबाखाली वाफ मधून खेचली जाते. हे यंत्र ८५ टक्के पाणी परत देईल अशा बेताने घडवलं होतं आणि पृथ्वीवरच्या चाचण्यांत ते तसं चाललंही. वर मात्र २००९ मध्ये त्याचा ऊर्ध्वपातनाचा भाग तुंबला. उघडून पाहिल्यावर आत कॅल्शियम सल्फेट सापडलं, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर धरतो तसा क्षार.

कॅल्शियम आलं होतं अंतराळवीरांच्या हाडांतून. वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात आणि ते कॅल्शियम मूत्रातून बाहेर पडतं. सल्फेट आलं होतं मूत्र नासू नये म्हणून आधीच घातलेल्या सल्फ्युरिक आम्लातून. दोन्ही एकत्र आले, पाणी उडून गेल्यावर दाट झाले आणि त्यांचा खडा झाला. जमिनीवरच्या चाचणीत घेतलेलं मूत्र धडधाकट हाडांच्या माणसांचं होतं, म्हणून तिथे काहीच दिसलं नाही. पुढे काही वर्षं पाणी कमी काढून काम भागवलं. मग सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणलं, तेव्हा ८५ टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट गाठता आलं. उरलेल्या चिकट द्रावातून पाणी काढणारं वेगळं यंत्र २०२१ मध्ये बसवलं. ९८ हा आकडा असा वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांतून उभा राहिला, आणि तोही दर काही महिन्यांनी सुटे भाग घेऊन येणाऱ्या मालवाहू यानांच्या जोरावर.

त्यातलेही २ टक्के जातातच. हजार माणसांची वसाहत माणशी ४ लिटर एवढंच पाणी फिरवत असेल, तरी वर्षाला २९ टन पाण्याची तूट पडेल. मंगळावर बर्फ आहे, पण तो खणायचा, वितळवायचा आणि त्यातले परक्लोरेट क्षार वेगळे करायचे तर पुन्हा यंत्र, पुन्हा वीज, पुन्हा सुटे भाग आले. २००८ मध्ये फिनिक्स यानाने तिथल्या मातीत हे क्षार शोधले. ते माणसाच्या थायरॉइडला घातक असल्यामुळे त्या मातीत थेट बी पेरणं शक्य नाही.

काचेखालची दोन वर्षं

यंत्रांऐवजी झाडांवर भरवसा ठेवला तर? त्याचा सर्वात मोठा प्रयोग अमेरिकेत अॅरिझोनात झाला. २६ सप्टेंबर १९९१ ला ‘बायोस्फिअर २’ नावाच्या सुमारे तीन एकरांच्या काचघरात आठ माणसं दार लावून बसली, ती २६ सप्टेंबर १९९३ ला बाहेर आली. आत छोटं पर्जन्यवन होतं, प्रवाळासह एक समुद्र होता, आणि साधारण २० गुंठे शेती. माणशी अडीच गुंठ्यांत भात, गहू, ज्वारी, भुईमूग, केळी, पपई, रताळी असं सगळं पिकवायचं होतं. दोन्ही हिवाळे ढगाळ गेल्याने ऊन कमी पडलं. बटाट्यावर कोळी पडला आणि बंद जागेत विषारी फवारा मारायची सोय नव्हती. रताळी मात्र भरघोस आली. ती इतकी खाल्ली गेली की माणसांच्या कातडीवर नारिंगी झाक आली. पहिल्या वर्षी सगळ्यांची वजनं घटली आणि आतली माणसं बहुतेक वेळ भुकेली होती. परागण करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं माजली.

पण मोठा धक्का हवेने दिला. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटर उंचीवर श्वास घ्यावा, तशी ही स्थिती. माणसांना थकवा येई, झोपेत श्वास अडखळे, जिना चढताना मध्येच थांबावं लागे. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

ऑक्सिजन गेला कुठे, याचा छडा कोलंबिया विद्यापीठातल्या जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर यांनी लावला. शेतीसाठी आत घातलेली माती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली होती. तिच्यातले सूक्ष्मजीव झाडांपेक्षा जोमाने वाढले आणि ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले. मग कार्बन डायऑक्साइड तेवढ्याच प्रमाणात वाढायला हवा होता, तर तो वाढलेला दिसेना. तो जात होता काँक्रीटमध्ये. नव्या काँक्रीटमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. शाळेत फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ करतो, ती हीच अभिक्रिया. आतल्या माणसांचा प्राणवायू मातीतून भिंतीत जाऊन दगड होत होता. झाडांना तो परत फिरवायची संधीच मिळाली नाही. काँक्रीटला रंगाचा एक घट्ट थर दिला असता तर बराच फरक पडला असता. तज्ज्ञांच्या आराखड्यातून एवढी साधी गोष्ट सुटू शकते, आणि दार उघडून बाहेर येण्याची सोय असल्यामुळेच ती जिवावर बेतली नाही.

ऑक्सिजन जास्त झाला तरी धोका तेवढाच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेच्या एका गटाने मंगळावर वसाहत करण्याच्या ‘मार्स वन’ या खासगी योजनेचा आराखडा संगणकावर चालवून पाहिला. माणसं आणि पिकं एकाच दालनात ठेवायची, असा त्या योजनेचा बेत होता. पिकं वाढीला लागली की ऑक्सिजन वाढतो, ऑक्सिजन वाढला की आगीची भीती वाढते, म्हणून यंत्रणा हवा बाहेर सोडते. पण फक्त ऑक्सिजन वेगळा काढून सोडणारं यंत्र तिथे नेण्याइतकं तयार नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वेळी नायट्रोजनही बाहेर जातो. नायट्रोजनचा साठा संपतो, दाब टिकत नाही, आणि पहिला माणूस साधारण ६८ व्या दिवशी गुदमरतो, असं गणिताने दाखवलं. नायट्रोजनशिवाय नुसत्या ऑक्सिजनवर का राहत नाहीत, याचं उत्तर २७ जानेवारी १९६७ ला मिळालं आहे. अपोलो १ या यानाची जमिनीवर चाचणी चालू असताना शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कुपीत ठिणगी पडली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर काही सेकंदांत आगीने वेढले जाऊन गेले.

किरणोत्साराचं कमी शब्दांत सांगता येईल. क्युरिऑसिटी बग्गीने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला ०.६७ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मोजले, म्हणजे वर्षाला सुमारे २४५. तारापूरच्या अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० ची मर्यादा आहे. प्रवासात हा मारा दिवसाला १.८ पर्यंत असतो. सहा महिने जायचे आणि सहा महिने यायचे धरले तर नासाने अंतराळवीराच्या उभ्या कारकिर्दीला घालून दिलेली ६०० ची मर्यादा वाटेतच संपते. तेव्हा मंगळावरचं घर दोन-तीन मीटर मातीखाली असणार. क्षितिजापर्यंत मोकळं मैदान पाहायला मिळेल, पण ते पडद्यावर.

दाराची किल्ली

आता भांडणाकडे येऊ. बायोस्फिअरमधली आठ माणसं वर्षभरात चार-चारच्या दोन गटांत फुटली. कारण अन्नाची वाटणी नव्हतं. प्रयोग कुणाच्या सल्ल्याने चालवायचा, बाहेरच्या व्यवस्थापनाचं ऐकायचं की वैज्ञानिक सल्लागारांचं, यावरून फूट पडली. एकमेकांशी नीट बोलणं बंद झालं, तरी कुणी दुसऱ्याच्या पंपाला हात लावला नाही, कामाच्या पाळ्या चालू राहिल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं: एकाच हवेवर जगणाऱ्यांनी भांडण ठेवलं, पण यंत्रापासून दूर ठेवलं. दुसऱ्या तुकडीच्या वेळी गोष्ट निराळी झाली. मार्च १९९४ मध्ये नवी माणसं आत गेली, महिनाभरात प्रकल्पाचा आर्थिक मालक आणि व्यवस्थापन यांचा वाद कोर्टात पोचला, आणि एप्रिलमध्ये पहिल्या तुकडीतल्या दोघांनी रात्री बाहेरून येऊन हवाबंद दारं उघडली. आतल्यांच्या सुरक्षिततेची काळजी होती, असं त्यांनी सांगितलं. हे अॅरिझोनात झालं म्हणून हवा आत आली. मंगळावर दार उघडलं तर हवा बाहेर जाईल, कारण तिथला दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

एडिनबरा विद्यापीठातले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल बरीच वर्षं या प्रश्नामागे आहेत. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की ज्याच्या ताब्यात हवा, त्याच्या ताब्यात माणूस. पृथ्वीवर कामगार संप करतात, गाव सोडून जातात, रानात राहतात, कारण हवा कुणाच्या मालकीची नाही. वसाहतीत ऑक्सिजनचं यंत्र एखाद्या कंपनीचं किंवा सरकारचं असेल, तर संपाला काय अर्थ उरेल? ऑक्सिजन यंत्रावरच्या तंत्रज्ञाने संप केला तर तो गुन्हा की हक्क? राग धरून गाव सोडायचं म्हटलं, तर पुढचं यान २६ महिन्यांनी. यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते वसाहतीच्या आराखड्यातच घालावे लागतील. ऑक्सिजनची यंत्रं एकमेकांपासून वेगळ्या दालनांत, वेगळ्या वीजजोडावर आणि वेगळ्या हातांत असावीत. प्रत्येक घरात काही दिवसांचा साठा स्वतःच्या झडपेमागे असावा. मुख्य झडप बंद करायला दोन ठिकाणच्या दोन माणसांची संमती लागावी. हवेचा दाब आणि रचना यांचे आकडे सगळ्यांना सतत दिसावेत, फक्त नियंत्रण कक्षाला नव्हे. यातल्या प्रत्येक गोष्टीने वजन वाढतं आणि खर्च वाढतो. म्हणून कुणी आग्रह धरला नाही तर तीच आधी गळते.

वसाहतींच्या आपसातल्या भांडणांची चिन्हं तर माणूस वसायच्या आधीच दिसत आहेत. अवकाश अमाप असलं तरी कामाच्या जागा मोजक्या असतात. दूरसंचार उपग्रहांची भूस्थिर कक्षा विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटरवर एकच आहे. १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटात एकत्र येऊन आपल्या डोक्यावरच्या कक्षेवर हक्क सांगितला होता. इतरांनी तो मानला नाही, पण त्यामागची तक्रार खरी होती: जे आधी पोचतील ते चांगल्या जागा धरतील.

चंद्राचा दक्षिण ध्रुव हे त्याचं आजचं रूप आहे. चंद्राचा आस फक्त दीड अंशाने कललेला आहे. त्यामुळे ध्रुवाजवळच्या खोल विवरांत कधीच ऊन पोचत नाही आणि तिथे बर्फ टिकतो. त्याच विवरांच्या कडेच्या काही उंचवट्यांवर मात्र वर्षातला बहुतेक काळ ऊन असतं. चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा भक्कम करण्यात २००९ मध्ये जाहीर झालेली चांद्रयान १ वरची निरीक्षणं होती. बर्फ म्हणजे पाणी, ऑक्सिजन आणि रॉकेटचं इंधन. ऊन म्हणजे वीज. दोन्ही शेजारी मिळतील अशा जागा शॅकलटन आणि आसपासच्या विवरांच्या कडांवर आहेत, आणि सौर पट्ट्या उभ्या करायला खरोखर उपयोगी असे उंचवटे काही शे मीटरांचे. अमेरिकेच्या आर्टेमिस मोहिमेने उतरण्यासाठी विचारात घेतलेल्या जागा आणि चीनच्या चांग-ई ७ यानाचा परिसर हा साधारण एकच.

कायदा काय म्हणतो? बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला तो दिवसही २७ जानेवारी १९६७. अपोलो १ च्या आगीची संध्याकाळ आणि त्या कराराचा सोहळा एकाच तारखेचे. त्याच्या दुसऱ्या कलमाने कोणत्याही देशाला चंद्र किंवा ग्रह आपल्या मालकीचा करता येत नाही. खणून काढलेल्या बर्फाची मालकी कुणाची, हे त्यात स्पष्ट नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदे करून ती खणणाऱ्या कंपनीची ठरवली. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आणि भारताने २१ जून २०२३ ला सही केलेल्या आर्टेमिस करारांत प्रत्येक कामाभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ जाहीर करायची तरतूद आहे. उतरणाऱ्या यानाच्या झोताने उडालेली धूळ दूरवरच्या यंत्रांना ओरखडते, म्हणून असं क्षेत्र हवंच. पण त्याचा आकार किती, हे ठरलेलं नाही. काही शे मीटरांच्या उंचवट्यावर एक किलोमीटर त्रिज्येचं सुरक्षा क्षेत्र पडलं, तर नावापुरती मालकी नसूनही ती जागा गेली. चीन आणि रशिया या करारांत नाहीत. त्यांनी २०२१ मध्ये स्वतःचं वेगळं चांद्रस्थानक जाहीर केलं.

शस्त्रांचाही विचार करावा लागतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या कक्षेतल्या एका फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. पृथ्वीच्या रक्षणासाठी हे तंत्र मोलाचं आहे. पण कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं, की लघुग्रह पृथ्वीपासून दूर ढकलू शकणारं तंत्र तो पृथ्वीकडेही ढकलू शकतं. लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणी चालवणाऱ्या वसाहतींकडे ही ताकद रोजच्या कामातूनच येईल.

या सगळ्याच्या उलट बाजूला एक भक्कम उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध भडकलं, रशियाच्या अवकाशसंस्थेच्या प्रमुखांनी जाहीर धमक्या दिल्या, तरी ३० मार्चला अमेरिकी अंतराळवीर मार्क वँडे हाय दोन रशियन सहकाऱ्यांबरोबर रशियाच्या सोयुझ यानातून ठरल्याप्रमाणे कझाकस्तानात उतरले. स्थानकाची रचनाच त्याला कारण आहे. कक्षा वर उचलायची मुख्य इंजिनं रशियन भागाशी जोडलेली, वीज मुख्यतः अमेरिकी बाजूच्या सौर पट्ट्यांची. एकाला सोडून दुसऱ्याला चालत नाही. अंटार्क्टिकाचंही तसंच. तिथे मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं शेजाऱ्यांशी सलोख्याने चालतात, कारण १९५९ च्या कराराने हक्कांचे दावे गोठवले, लष्करी तळांना बंदी घातली आणि कुणालाही दुसऱ्याच्या केंद्राची तपासणी करता येईल अशी सोय ठेवली. शांतता जागेच्या मोकळेपणातून आली नाही, ती करारातल्या कलमांतून आणि यंत्रांच्या जोडणीतून आली. आणि अंटार्क्टिकावर हवा फुकट आहे, पाण्याचा डोंगर आहे, मंगळाशी तुलना केली तर हवामान सौम्य आहे, तरी तिथे कायमचं राहणारं कुणी नाही.

पृथ्वीवर संकट आलं तर बीज राखायला दुसरा ग्रह हवा, हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. पण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लघुग्रहाच्या आघातानंतरच्या सर्वात वाईट वर्षीही पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा होती, द्रव पाणी होतं, पूर्ण गुरुत्व होतं. मंगळ अख्खा तापवून राहण्याजोगा करता येईल, ही आशाही २०१८ मध्ये ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांच्या हिशोबाने बरीच मावळली; तिथे हाताशी लागेल तेवढा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी पुरेशी ऊब येत नाही.

वसाहतीचा निर्णय घेण्याआधी करायची कामं मात्र उघड आहेत आणि त्यातली बरीचशी जमिनीवरची आहेत. बायोस्फिअर २ एवढा बंद प्रयोग त्यानंतर झालेला नाही. बीजिंगच्या ‘चांद्रमहाल’ प्रयोगशाळेत २०१७-१८ मध्ये ३७० दिवसांचा मुक्काम झाला, पण तो पाळीपाळीने राहणाऱ्या चौघा-चौघांचा आणि लहान जागेतला होता. शंभर माणसं, पाच वर्षं, बाहेरून फक्त दर २६ महिन्यांनी मर्यादित सुटे भाग, आणि हवेच्या झडपांचं नियंत्रण वेगवेगळ्या गटांकडे विभागलेलं, असा प्रयोग एखाद्या वाळवंटात आजच्या तंत्राने करता येतो. दुसरा प्रयोग कक्षेतला. जपानने स्थानकावरच्या आपल्या ‘किबो’ प्रयोगशाळेत फिरत्या यंत्रात उंदीर ठेवून चंद्राएवढ्या, एक षष्ठांश गुरुत्वाचा परिणाम पाहिला आहे; स्नायूंची झीज थांबली, पण त्यांच्या तंतूंची जात बदलू लागली. मंगळाएवढ्या ०.३८ गुरुत्वात गर्भधारणा, जन्म, वाढ आणि पुढच्या पिढीचा जन्म असं पूर्ण चक्र एकाही सस्तन प्राण्याचं झालेलं नाही. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन महिन्यांत वयात येतात. दोन पिढ्या पाहायला एक वर्ष पुरेल.